चरात कुणी उतरलं नाही

फोन आला तेव्हा मी भवानीनगरला टायरच्या दुकानात उभा होतो. ट्रॉलीचं चाक काढून ठेवलेलं, कॉम्प्रेसर सुरू, आणि त्या आवाजात माधुरीवहिनींचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात?" असं मी पुन्हा विचारलं. नवरा गेल्याचं वाक्य त्यांना माझ्यापायी दुसऱ्यांदा बोलावं लागलं. अविनाश सकाळी फिरून आला, चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी "निघालोच" म्हणून फोन खिशात टाकला, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की गुरुवारच्या ज्या मीटिंगला तो येणार होता, तिचं आता काय करायचं. मित्र गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर आलं, भरपूर आलं, गाडी बाजूला घ्यावी लागली इतकं आलं. पण आधी मीटिंग आली होती. आता काही आठवडे उलटलेत आणि त्याच्याबद्दल लिहा असं वहिनींनीच सांगितलंय, म्हणून लिहायला बसलो, तर सुरुवात याच गोष्टीनं करावीशी वाटली. माणसाचा आपल्याला उपयोग किती होता आणि माणूस किती होता, याचा माझ्या मनात कुठंतरी घोळ झालेला होता.

अविनाश आणि मी इंजिनिअरिंगला एका खोलीत राहिलो. डिग्री घेऊन मी गावाकडं शेती करायला परत आलो. आमचं गाव पळसदेवच्या जवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. तो नोकरीत गेला, बरीच वर्षं लांबलांबच्या साइटवर काढली, आणि एक दिवस चांगली नोकरी सोडून बारामतीत येऊन स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. त्याचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड जायचं. पाइपलाइन असो, शीतगृह असो, शाळेची इमारत असो, काम सुरू व्हायच्या आधी त्यात काय काय बिघडू शकतं, ते होऊ नये म्हणून काय करायचं, आणि झालंच तर कोणी कुठं धावायचं, हे तो आखून द्यायचा. पाटीवर 'प्रकल्प जोखीम नियोजन' असं लिहिलेलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला तो बरेच दिवस विम्याचा एजंट वाटत होता. स्वभावही कामासारखाच झाला होता. लग्नाला गेला की पंगतीत बसायच्या आधी मांडवामागं जाऊन वायरिंग बघून यायचा. गाडी कुठंही लावली तरी तोंड रस्त्याकडं. आम्ही त्याची खूप चेष्टा करायचो. तोही हसायचा, पण गाडी वळवूनच लावायचा.

आमच्या गावच्या वरच्या अंगाच्या जमिनीला पाणी नव्हतं. खाली अथांग पाणी दिसतंय आणि वर माळ, अशी अवस्था. शेवटी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि फुगवट्यातून पाणी उचलून वर न्यायची योजना आखली. मी सचिव. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा कोरड्या पात्रात विहीर बांधायची आणि तिथून पाण्यापर्यंत खोल चर खणून त्यात पाइप घालायचा, असं काम होतं. पावसाळ्यात धरण भरायला लागलं की सगळी जागा पाण्याखाली. म्हणजे जे काही करायचं ते पाणी परत यायच्या आत. एवढं वेळेला बांधलेलं काम आहे म्हटल्यावर मी अविनाशला बोलावलं. त्यानं मानधन घेतलं नाही. "तुझ्या गावाला येतोय, जेवायला घाल," एवढंच म्हणाला.

पहिली बैठक मारुतीच्या देवळासमोर झाली. नारळ फोडायचा बेत होता. अविनाश उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या कामात काय काय वाईट होऊ शकतं, ते प्रत्येकानं सांगा." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शंकरआबा, म्हणजे ज्यांची डाळिंबाची बाग माळावर होती आणि योजनेसाठी ज्यांनी सगळ्यात जास्त धावपळ केली होती, ते म्हणाले, "सायेब, शुभ कामाच्या आधी हे अभद्र कशाला?" अविनाश म्हणाला, "आबा, आज डोकी थंड आहेत. आज ठरवलं तर नीट ठरवू. त्या वेळी ठरवायला बसलो तर घाईत ठरवू." मग हळूहळू लोक बोलायला लागले. पाणी लवकर आलं तर? पोकलेन बंद पडलं तर? पाइप वेळेत न्हाय आलं तर? प्रत्येक गोष्टीला तो तेच विचारायचा... होण्याची शक्यता किती, झालं तर नुकसान केवढं, लक्ष कोण ठेवणार आणि तेव्हा करायचं काय. चराची भिंत ढासळण्याचा मुद्दा त्यानं स्वतः काढला. पात्रातली माती गाळाची, वरून वाळलेली आणि आतून ओली. पाइपाचे जोड करायला माणसं खाली उतरणार. ठरलं असं, की चराच्या काठाला समांतर भेग दिसली तर त्या क्षणापासून खाली कोणी उतरायचं नाही, मग काम कुठंही आलेलं असो. काठावर लक्ष ठेवायला आबांनी आपणहून हात वर केला. त्यांचं रान सगळ्यात जवळ होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. नारळ फुटला.

काम छान चाललं. विहीर झाली, चर निम्म्याच्या वर गेला. आकाशात ढग जमायला लागले होते, वरच्या धरणांच्या बातम्या रोज कानावर येत होत्या, आणि एके सकाळी आबा माझ्या दारात आले. चप्पल न काढताच म्हणाले, "काठाला भेग हाय. सरळ रेघ मारल्यासारखी." मी अविनाशला फोन केला. तो दुपारच्या आत आला, काठावर पालथा पडून बराच वेळ बघत राहिला, आणि उठून कपडे झटकत म्हणाला, "काम बंद. उतार देऊन चर रुंद करावा लागेल, त्याला आता वेळ नाही. पुढच्या उन्हाळ्यात."

पुढच्या उन्हाळ्यात म्हणजे एक वर्ष गेलं. सगळे काठावर गोळा झाले. गवंड्यांचा मुकादम म्हणाला, दोन दिवस द्या, पटकन उरकतो. आबांचा चेहरा मला अजून दिसतो. तेच म्हणायला लागले, "आवो, माती वाळली की भेगा पडत्यातच. म्या उगं सांगितलं. माझ्या डोळ्याला काय कळतंय?" अविनाश म्हणाला, "आबा, तुम्ही बरोबर सांगितलं." एवढंच. मग मी त्याला बाजूला घेतलं. पोकलेनच्या सावलीत उभे राहिलो आणि मी त्याला समजावायला लागलो, की नियम आपणच केलेत, थोडे सैल करू, एकेक माणूस उतरवू, कमरेला दोर बांधू. तो ऐकत होता. मग म्हणाला, "विलास, मी नोकरी का सोडली, तू कधी विचारलं नाहीस."

खरंच विचारलं नव्हतं. लांबच्या एका साइटवर असाच चर होता, अशीच माती. भिंतीचा प्रश्न तिथंही निघाला होता. अविनाश तेव्हा तरुण इंजिनिअर, साहेबांनी विचारलं तर म्हणाला, शक्यता कमी आहे. त्याला खरंच तसं वाटलं होतं, कोणी दबाव आणला नव्हता. भिंत बसली आणि मारुती नावाचा मजूर आत राहिला. चौकशी झाली, अविनाशवर ठपका आला नाही. "कागदावर माझी चूक नव्हती," तो म्हणाला. "शक्यता कमीच होती. पण कमी म्हणजे कुणासाठी कमी, हे मी विचारलं नव्हतं." तो पुढं म्हणाला, की त्या मजुराच्या बायकोला तो दर वर्षी भेटायला जातो. मी विचारलं, "काय म्हणते ती?" तो म्हणाला, "फारसं काही नाही," आणि माणसांना सामान वर काढायला सांगायला निघून गेला.

काम थांबलं. पण पाणी लगेच आलं नाही. पाऊस लांबला, पाणी दूरच राहिलं आणि चर तसाच उघडा. रोज संध्याकाळी गावातली माणसं फिरत तिकडं जायची, वाकून बघायची आणि म्हणायची, "हाय की उभी." भिंत उभी होती. रोज उभी होती. चावडीवर हिशेब सुरू झाला होता, की एवढ्या दिवसांत पाइप घालून मोकळे झालो असतो. अविनाशचं नाव 'भेगवाला सायेब' पडलं. मीसुद्धा रोज जायचो. पण मी भिंत उभी आहे का ते बघायला जात नव्हतो. मी ती पडलीय का ते बघायला जायचो. ती पडावी असं मला वाटत होतं. आत कोणी नसताना, सगळ्यांच्या देखत पडावी, म्हणजे माझा मित्र खरा ठरेल आणि त्याला आणणारा मीही. मी देवळापुढून जाताना हात जोडायचो तेव्हा हेच मागायचो. भिंत पडावी! ज्या माणसानं ती पडू नये म्हणून आयुष्य वाहिलं, त्याच्या वतीनं मी हे मागत होतो. एका संध्याकाळी पाणी आलं, चरात शिरलं, आणि काही दिवसांत वर फक्त निळं सपाट पाणी राहिलं. भिंत शेवटपर्यंत उभी होती.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला आबांच्या विहिरीनं तळ दाखवला, आणि बाग गेली. आबांनी झाडं स्वतः तोडली, मजूर लावले नाहीत. अविनाशला कळलं तेव्हा तो बारामतीहून आला आणि मला न सांगता थेट त्यांच्या रानात गेला. कळल्यावर मी मागून चालत पोचलो. तोडलेल्या खुंटांच्या मध्ये दोघे उभे होते. आबांच्या अंगणात माठ होता, पण त्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. परत येताना अविनाश गाडीत म्हणाला, "हे माझ्यामुळं झालं." मी म्हटलं, "असं कसं? तू जीव वाचवलेस." तर म्हणाला, "ते आपल्याला माहीत नाही. बाग गेली हे मात्र माहीत आहे." मग रस्त्याकडं बघत राहिला. तिकडं थांबला नाही म्हणून एक माणूस त्याच्या मनावर होता, आणि इथं थांबला म्हणून ही बाग. त्याची गाडी मी चालवत होतो आणि मला त्याचा थोडा रागही येत होता. स्वतःला जरा सोडव की, असं म्हणावंसं वाटत होतं. म्हटलं नाही.

पाणी पुन्हा हटलं. चर उघडा पडला तेव्हा एक बाजू पूर्ण ढासळलेली, जोड करायची जागा गाळानं भरून गेलेली. मी ते पाहिलं आणि लहान पोरासारखा पळत घरी आलो. फोटो काढले. संस्थेची बैठक लावली. वर्षभर जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं. बैठकीत मी उभा राहिलो, मोबाइल सगळ्यांपुढून फिरवला आणि म्हणालो, "बघा. ही भिंत. आपली माणसं या ठिकाणी उतरणार होती." आबा खाली मान घालून बसले होते. आणि अविनाश, मागं खांबाला टेकून बसलेला, उठला.

"ही पाण्यानं पडलीय," तो म्हणाला. "इतके महिने पाण्याखाली राहिल्यावर कुठलीही गाळाची भिंत पडते. त्या वेळी पडली असती का, हे यावरनं सिद्ध होत नाही. विलासनं माझ्या मायेपोटी दाखवलं, पण ते धरू नका."

मी खाली बसलो. माझे कान तापले होते. कोणीतरी मागून विचारलं, "मग थांबवलं ते चुकलं का साहेब?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. आजही भेग दिसली तर थांबवीन. पण मी बरोबर होतो असं मला म्हणता येणार नाही. आबांची बाग गेली, ती माझ्या शब्दावर गेली." मग आबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "अविनाशराव, यंदा काय काय बिघडंल ते लिवून घ्या. काठावर म्या हायेच." बैठक संपल्यावर ते त्याला घरी घेऊन गेले. चहा झाला. त्या दिवसानंतर दोघांत बागेचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. त्या उन्हाळ्यात चर रुंद उतार देऊन खणला, पाइप पडला, आणि आज आमच्या माळावर पाणी आहे. आबांनी पुन्हा डाळिंब लावलं नाही. आता तिथं मका असतो.

देवाला मी काय मागायचो, हे अविनाशला कधीच सांगितलं नाही. त्याला ते कळलं असावं, असं 'मायेपोटी' म्हणतानाच्या त्याच्या आवाजावरून मला वाटतं. पण हेही सिद्ध होत नाही.

दहावा झाल्यावर माधुरीवहिनी म्हणाल्या, "त्यांना कळवायला हवं." मला आधी समजलंच नाही कोणाला. मग त्या म्हणाल्या, "गिरिजाबाईंना. मारुतीच्या बायकोला. अवी दर वर्षी जायचा, वाट बघतील." वहिनींना घर माहीत नव्हतं, फक्त गाव माहीत होतं. अविनाशनं त्यांना कधी बरोबर नेलं नव्हतं. आम्ही दोघे निघालो. वाटेत वहिनी एकदाच बोलल्या. "अवीनं तपासण्या वेळेवर केल्या, गोळी कधी चुकवली नाही, रोज चालला. मी सारखी शोधते, भावोजी, की काय राहिलं. काहीच राहिलं नव्हतं."

गिरिजाबाईंची वाडी नदीपलीकडं, माळरानाला. घर पत्र्याचं, पण नीटनेटकं, पुढं दगडी ओटा. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. वहिनींनी आपण कोण ते सांगितलं आणि मग बातमी सांगितली. गिरिजाबाईंचे हात थांबले. सुपातल्या शेंगांकडं बघत त्या म्हणाल्या, "कवा?" वहिनींनी सांगितलं. गिरिजाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"त्यानं पैल्याच वर्षी सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्हणाला, मीच म्हटलं हुतं, काय हुणार न्हाय म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. म्या म्हटलं, माझ्या घरात पाय ठेवू नगंस." त्या थांबल्या. "मग त्यो आत आला न्हाय. दर साली यायचा आन् हितं बसायचा." त्यांनी ओट्याच्या कडेला हात ठेवला. "म्या आत माझं काम करायची. त्यो घटकाभर बसायचा. जाताना म्हणायचा, येतो बाई. म्या काय बोलायची न्हाय."

वहिनी रडायला लागल्या. गिरिजाबाईंनी त्यांना रडू दिलं. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "मावशी, त्याच्या मनातनं ते कधी गेलं नाही. यंदा आला असता तर..." त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"यंदा आला असता तर आत बोलावलं असतं, असं म्या म्हणणार न्हाय," त्या म्हणाल्या. "बोलावलं असतं का न्हाय, मलाच ठावं न्हाय. आता कशाला खोटं बोलू?"

मग त्या उठल्या, वहिनींच्या दंडाला धरून म्हणाल्या, "तुमी आत या. तुमचं काय हाय त्यात." दोघी आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, चुलीवर काहीतरी ठेवल्याचा. मला कोणी थांबवलं नव्हतं, दार उघडं होतं. पण मला आत जाववेना. मी ओट्यावर बसलो. दगड उन्हानं तापलेला होता आणि कडेचा एक भाग बसून बसून गुळगुळीत झालेला. तो त्याच्यामुळं झाला असेल असं नाही, घरच्यांचंही येणं-जाणं असणार. समोर बाभळीच्या पलीकडं एक पायवाट वळत खाली जात होती आणि तिच्यावरून कोणी येत-जात नव्हतं. आतून गिरिजाबाईंनी विचारलं, "तुमाला चा हितं देऊ का तितं?"

"इथंच द्या," मी म्हणालो.